निळा झगा भास्करचा होता

मागच्या आठवड्यात ऋतुजाचा फोन आला. भास्कर मास्तरांचे सगळे पोशाख तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी गोळा केलेत आणि कॉलेज रोडच्या एका हॉलमध्ये ते दोन दिवस मांडणार आहेत. प्रत्येक पोशाखाशेजारी एक कार्ड, आणि सोबत वाटायला छोटी पुस्तिका. "अण्णा, तीस वर्षं ते तुमच्याकडे होते. तुम्हीच लिहा ना चार पानं," ती म्हणाली. मग तिने कार्डांचे फोटो पाठवले. चष्मा पुसून मी एकेक वाचलं. सगळ्या कार्डांवर 'कल्पना आणि शिवण : भास्कर मास्तर' असं होतं. एक सोडून. निळ्या झग्याच्या कार्डावर माझ्या दुकानाचं नाव होतं.

ते कार्ड चुकीचं आहे. ते माझ्यामुळे चुकलंय. भास्कर गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेला, त्यामुळे ही गोष्ट त्याच्या हयातीत सांगायची राहिली, असं मी लोकांना म्हणू शकेन. पण ती राहिली नव्हती, मी ठेवली होती. म्हणून आधी माणूस सांगतो आणि मग कार्डाकडे येतो.

माझं दुकान देवळाली कॅम्पात होतं. आम्ही फौजी वर्दी शिवायचो. आता मुलाने तिथे मोबाइलचं दुकान काढलंय. भास्कर माझ्याकडे कटर म्हणून आला तेव्हा पंचविशीचा होता. मूळचा मालेगावचा, वडील मागावर कामाला. लहानपण मागाच्या खडखडाटात गेल्यामुळे असेल, पण कापड तो डोळ्यांनी बघायचाच नाही. कोपरा चिमटीत धरून कानाशी न्यायचा आणि चोळायचा. व्यापारी हसायचे. भास्कर शांतपणे ऐकायचा आणि कापड आवडलं तर आपल्या अहिराणीत म्हणायचा, "भारी शे." नाही आवडलं तर काही न बोलता ठाण परत ठेवायचा.

बारीक, उंच, खांदे उतरते. तोंडात कायम टाचण्या. अर्ध्या बोलण्याला त्या टाचण्यांतूनच 'हं' म्हणायचा आणि आम्हाला त्या हुंकारांचे अर्थ कळायला लागले होते. गिऱ्हाइकाला कधी जाड झालात म्हणायचा नाही. "साहेब, इथे जरा जागा वाढलीय," असं म्हणून टेप पुढे सरकवायचा. शिवणीत दोन बोटं माया सोडायचा, म्हणजे दोन वर्षांनी साहेबांची जागा आणखी वाढली तरी कोट उसवून मोठा करता यावा.

त्याचं एक ठाम मत होतं. अंगावर चढल्याशिवाय कापड खरं बोलत नाही. त्यामुळे कापून, कच्चा टाका घालून झाला की प्रत्येक कपडा तो पडद्यामागे जाऊन स्वतः घालून बघायचा. वर्दीचा कोट तर घालायचाच. पण फौजी बायकांचे ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, अँग्लो-इंडियन बाईंचा लग्नाचा झगा, सगळं. आमच्याकडे लाकडी पुतळा नव्हता आणि भास्कर असताना लागलाही नाही. पडद्यामागे तो दोन मिनिटं असायचा. बायकांचा कपडा असला की पाच मिनिटं. तीन मिनिटं जास्त का, हे मला माहीत होतं. पडद्याला फट होती. तो वळून वळून मागचा पडाव, म्हणजे कापड मागून कसं पडतं ते, बघायचा, आणि तेव्हा त्याची मान अशी उभी राहायची की बाहेर कात्री चालवणारा भास्कर तो हाच, हे खरं वाटू नये. मी कधी काही बोललो नाही. लाज वाटायची म्हणून नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. पन्नाशीपर्यंत खाकीच्या सरळ इस्त्रीच्या रेषा मारत आलेल्या माणसाला, आरशासमोर इतकं खूश कसं होता येतं हे बघून काय वाटेल, ते वाटायचं.

मग एके दुपारी ऋतुजा आली. नाशिकरोडला राहायची, कॉलेजात होती. हातात मोबाइल, मोबाइलवर एका जपानी चित्रमालिकेतली कुणी सेनापती बाई. चंदेरी केस, गळ्यापर्यंत बंद अंगरखा, कमरेखाली पाय दिसू नये इतका घेर. शहरातल्या सहा शिंप्यांनी तिला परत पाठवलं होतं. आवडत्या कथेतल्या पात्राचा वेश करून ही मुलं मेळाव्याला जमतात, त्याला कॉस्प्ले म्हणतात, हे तिने आम्हाला समजावलं. मी म्हटलं, बाळ, आम्ही वर्दी शिवतो. भास्करने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, "हिची पण वर्दीच शे ना?"

तो पोशाख ऋतुजाच्या एका मैत्रिणीसाठी होता. मैत्रीण भास्करइतकीच उंच, त्यामुळे त्याने तो स्वतःच्याच अंगावर बेतला. मेळाव्याच्या दोन दिवस आधी मैत्रिणीला कावीळ झाली. ऋतुजा रडवेल्या तोंडाने पोशाख न्यायला आली, तेव्हा भास्कर पडद्यामागे शेवटचं बघत होता. तिने पडदा सरकवला. मी गल्ल्यावर होतो. आतून हसण्याचा आवाज येईल म्हणून मी वाट बघितली. आला तो ऋतुजाचा, पण तो हसण्याचा नव्हता. "मास्तर," ती म्हणाली, "तुम्हीच चला ना."

भास्कर तेव्हा एकावन्न वर्षांचा होता.

पहिल्या मेळाव्याचं मी नंतर शालूवहिनींकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून ऐकलं. तो पूर्ण वेशात गेला, पण गळ्यात टेप लटकवून. कुणी रोखून बघितलं की टेपला हात लावायचा, जणू दुरुस्तीसाठी आलेला शिंपी आहे आणि हा वेश म्हणजे कामाचा भाग. दिवसभर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. संध्याकाळी एका अनोळखी मुलीने येऊन विचारलं, कमरेचा हा घेर असा कसा पडला? त्याने तिला तिथेच जमिनीवर खडूने घेराच्या सोळा कळ्या, म्हणजे वर निमुळते होणारे तुकडे, काढून दाखवल्या. थोड्या वेळाने दहा जण भोवती बसले होते.

दुसऱ्या मेळाव्याला टेप खिशात होती. तिसऱ्याला घरी.

शालूवहिनींनी हे सगळं कसं घेतलं, याची मला फार उत्सुकता होती. खोटं कशाला लिहू, घरात भांडण व्हावं अशी इच्छाच होती. वहिनी दुकानात डबा द्यायला आल्या तेव्हा मी जरा चाचपून बघितलं. त्या म्हणाल्या, "अहो अण्णा, चालतात ते अजून शिंप्यासारखे. पदर नाही, निऱ्या नाहीत, मग हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही त्यांना. मी म्हटलं, हात कशाला ठेवायला पाहिजेत? लोंबू द्या." आणि त्या दोघांनी घराच्या गच्चीवर रोज संध्याकाळी चालण्याचा सराव केला होता. वहिनी पुढे, भास्कर मागे. माझी बायको तेव्हा हयात होती. पण आम्ही दोघं कधी गच्चीवर गेल्याचं आठवत नाही.

कॅम्पात बातमी लपत नाही. एक निवृत्त सुभेदार आमचं जुनं गिऱ्हाईक होते, तोंडाने फटकळ. एकदा मापाला उभे असताना, दुकानात चार माणसं बघून ते मोठ्याने म्हणाले, "मास्टर, सुना है तुम औरत बनते हो?"

भास्करच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने एकेक काढून मनगटावरच्या गादीत खोचली. पाच-सहा तरी होत्या. मग तो म्हणाला, "साब, आपकी वर्दी भी मैं ही पहनके देखता हूँ. पच्चीस साल से. तब तो आपने नहीं पूछा, मास्टर, फौजी बनते हो क्या?"

सुभेदार आधी तांबडे झाले, मग इतके हसले की माप परत घ्यावं लागलं. पुढे त्यांनीच नातीला भास्करकडे पाठवलं, शाळेच्या कार्यक्रमाच्या पोशाखासाठी. त्या दिवशी माझ्या मनात काय आलं असेल? की मालक मी, दुकान माझं, आणि माझ्याच दुकानात मला असं उत्तर आयुष्यात कधी सुचलं नाही.

पुढच्या पाच वर्षांत दुकानाची गिऱ्हाइकं बदलली. कॉलेजची मुलं यायची आणि दारातून विचारायची, "मास्तर आहेत?" मी समोर बसलेला असायचो. कुणी म्हणायचं, "काका, मास्तरांना बोलवता का?" जाताना ती भास्करच्या पाया पडायची. मग शिष्टाचार म्हणून माझ्याही. भास्कर त्यांच्याशी जसा बोलायचा तसा आमच्याशी कधी बोलला नव्हता. कोण रडून आलंय, कुणाच्या घरी पोशाख लपवून ठेवावा लागतो, त्याला सगळं ठाऊक. एका मुलाला साडी नेसून मेळाव्याला यायचं होतं आणि धीर होत नव्हता. भास्कर त्याला म्हणाला, "पहिल्यांदा मी टेप घालून गेलो होतो. तू पण काहीतरी घाल. मग ते आपोआप गळून पडतं."

आता निळा झगा.

नाशिकमध्ये मोठा मेळावा भरणार होता आणि त्यात पोशाखांची स्पर्धा होती. जिंकणारा दिल्लीच्या शेवटच्या फेरीला जाणार. भास्करने आठ महिने आधी सुरुवात केली. कुणा जुन्या राज्याच्या समुद्रावरच्या राणीचा तो वेश होता, म्हणजे ऋतुजाने आणि त्याने मिळून ती राणी कल्पनेतून उभी केली होती. निळ्याच्या सात छटा. मालेगावहून आणलेलं साधं सुती कापड त्याने घरी रंगवलं. घेरावर लाटा उठाव्यात म्हणून अस्तरात वेताच्या बारीक कमानी घातल्या. कॉलर उंच, आतून ताठ. प्रत्येक रविवारी तो येऊन एकटा काम करायचा, कारण घरी जागा नव्हती. मशीन दुकानाचं होतं, वीज दुकानाची होती. बाकी त्या झग्यातला एकही टाका दुसऱ्या कुणाचा नव्हता. ना माझा, ना आमच्या दोन कारागिरांचा. हे मी आज स्पष्ट लिहितो, कारण स्पर्धेच्या दिवशी हेच विचारलं गेलं होतं.

झगा पूर्ण होऊन पडद्यामागे टांगला होता. गुरुवारी दुपारी आमचं दुकान बंद असायचं. मी जेवून आलो, शटर अर्धं वर केलं आणि आत गेलो. मला वाटतं, मला फक्त हात लावून बघायचा होता. मग मी शर्ट काढला आणि तो झगा अंगावर चढवला.

तो मला होणार नव्हता, हे मला, शिंप्याला, न घालताही कळायला हवं होतं. पोटावर चार बोटं अंतर राहिलं. आरशात एक म्हातारा शिंपी उभा होता, दुसऱ्याच्या कपड्यात. मी मान उभी करून बघितली. वळून मागचा पडाव बघितला. काही झालं नाही. भास्करला जे व्हायचं ते कापडात नव्हतं, हे तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर राग आला.

झगा काळजीपूर्वक परत टांगला. मग गल्ल्यातून दुकानाचं एक लेबल काढलं. आमच्या धंद्यात रीत अशी, की दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कपड्याला मानेखाली दुकानाचं लेबल लागतं. कापणाऱ्याचं नाव लागत नाही, शिवणाऱ्याचं लागत नाही. तीस वर्षांत भास्करचं नाव एकाही कपड्यावर नव्हतं आणि त्याने ते कधी मागितलंही नव्हतं. मी बसलो आणि झग्याच्या कॉलरच्या आत, अस्तराच्या कडेला, हाताने लेबल शिवलं. चारी बाजूंनी, माझ्या टाक्याने. मनाशी म्हटलं, माझ्या मशीनवर झालंय, माझा एवढा तरी हक्क आहे. स्पर्धेच्या नियमांचं मला काही ठाऊक नव्हतं. हे खरं आहे, पण पुढचं माफ व्हावं इतकं मोठं नाही.

भास्करनेच मला आग्रहाने बोलावलं होतं. "अण्णा, एक दिवस दुकान बंद ठेवा. एकदा तरी या." मेळावा एका लॉन्सवर होता. आदल्या दिवशी तिथे लग्न झालं असावं, कारण स्टेजच्या मागे थर्माकोलचे बदाम तसेच होते. कुणी लोखंडी पंख लावलेलं, कुणी तोंड रंगवलेलं, अशा गर्दीत मी पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. भास्कर आला तेव्हा गलका ओसरला. छप्पन्न वर्षांचा माणूस, ओठांना रंग, केसांचा टोप, आणि चालताना त्या झग्यात खरोखर लाटा उठत होत्या. हात त्याने सोडून दिले होते. ते कुठे ठेवायचे हा प्रश्नच राहिला नव्हता. शालूवहिनी माझ्या शेजारी होत्या आणि ओठांतल्या ओठांत पावलं मोजत होत्या.

मग परीक्षक मुलगी स्टेजवर आली. तिथली पद्धत अशी, की पोशाख आतून बघतात. शिवण, अस्तर, काज. तिने घेर उलटून बघितला, मान डोलावली, कौतुकाने काहीतरी विचारलं. मग कॉलर बाहेर वळवली आणि थांबली. लेबल मोठ्याने वाचलं. नियम असा होता, की पोशाख स्पर्धकाने स्वतः केलेला हवा, शिवून घेतलेला चालत नाही.

भास्करने टोपाचे केस बाजूला करून कॉलरकडे बघितलं. कारागिराला दुसऱ्याचा टाका ओळखायला एक क्षण लागतो. तेवढाच त्याने घेतला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गिऱ्हाइकाने माप सांगावं म्हणून थांबतो ना, तसा तो थांबला.

परीक्षक मुलीने विचारलं, हे दुकान कुणाचं? ऋतुजा धावत माझ्यापाशी आली, "अण्णा, सांगा ना त्यांना." मी उभा राहिलो. सगळ्या लॉन्सवरची माणसं माझ्याकडे बघत होती. पाच वर्षांत त्या मुलांनी माझ्याकडे असं पहिल्यांदाच बघितलं.

"काका, हा ड्रेस तुमच्या दुकानात शिवलाय?"

"हो."

"एकट्या मास्तरांनी?"

मी म्हणालो, "दुकानाचं काम म्हणजे सगळ्यांचंच असतं."

तीस वर्षांच्या मालकाला चार लोकांत खोटं पाडणं त्याच्याने झालं नाही, किंवा त्याला ते करायचं नव्हतं. त्याने परीक्षकांना नमस्कार केला, झगा दोन्ही बाजूंनी किंचित उचलला आणि आला तसाच, लाटांसकट, पायऱ्या उतरला. मागे कुणीतरी पुटपुटलं, मास्तरांनी कारागिरांकडून करून घेतला म्हणे. शालूवहिनी उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

सोमवारी तो कामावर आला. हातातली सगळी कामं त्याने पंधरा दिवसांत पूर्ण केली आणि मग म्हणाला, आता घरीच करेन म्हणतो. मी थांब म्हणालो नाही. मेळाव्यांना तो जातच राहिला, दरवर्षी नवा वेश, पण स्पर्धेत परत उतरला नाही. ऋतुजाने कारण विचारलं की म्हणायचा, मला फिरायला आवडतं, रांगेत उभं राहायला नाही. मुलांच्या मनात मात्र ते एक राहिलं. निळा झगा सोडून बाकीचे मास्तरांचे. म्हणून ते कार्ड तसं आहे. ऋतुजा, त्यावरचं नाव बदल.

त्याला मी शेवटचं बघितलं ते देवळालीच्या स्टेशनवर, दोन वर्षांपूर्वी, सकाळी. मुलाला गाडीत बसवून मी परत निघालो होतो. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऋतुजा आणि तिची मंडळी, मुंबईच्या मेळाव्याला निघालेली, आणि त्यांच्यापासून थोडा अलीकडे भास्कर, संपूर्ण वेशात. काळ्या जरीचा पायघोळ झगा, दोन्ही खांद्यांवर वेताच्या रुंद कमानी, डोक्यावर मुकुट. एका जवानाची बायको त्याला ब्लाऊजच्या बाहीचं काहीतरी विचारत होती आणि तो स्वतःच्या बाहीवर तिला दाखवत होता. येणारेजाणारे बघत होते. त्याला ते कळत होतं आणि आवडत होतं.

मी जवळ गेलो. तब्येत विचारून झाली. मग मी म्हणालो, "भास्कर, तो निळा झगा तुझा एकट्याचा होता. लेबल मी लावलं."

"ते मला माहीतच आहे, अण्णा," तो म्हणाला. "मला कशाला सांगता?" आणि हनुवटीने मुलांकडे खूण केली. "त्यांना सांगा."

वीसेक पावलं असतील. मी निघालोही. अर्ध्यात ऋतुजाने मला बघितलं, धावत आली, वाकली आणि म्हणाली, "अण्णा, कसे दिसतायत आज मास्तर?"

मी म्हणालो, "छान."

तेवढंच म्हणालो. गाडी आली. वळून बघितलं तर भास्कर आमच्याकडेच बघत होता, आणि मी काय बोललो असेन ते त्याला तिथूनच समजलं असावं. त्याने मान हलवली नाही. झग्याचा घेर गोळा केला, दारात कडेने वळला, आधी एक खांदा आत नेला, मग दुसरा. खाली उभ्या जवानाने मागे राहिलेला जरीचा काठ उचलून वर दिला. भास्करने तो मागे न बघताच घेतला. आत तो उभाच राहिला, खिडकीकडे पाठ करून, आणि गाडी हलली तरी मी त्या पाठीवर कुठे चुणी पडलीय का, ते शोधत होतो.